दागिन्यांच्या साहित्याचा चोवीस खणी डबा : हुक भरपूर, पकड कमी

माळ तुटली की दोष बहुधा तारेच्या माथी जातो. पण विखुरलेले मणी गोळा करून झाल्यावर तारेचं टोक भिंगाखाली धरून बघा. अनेकदा तार अखंड असते, टोकही सरळ कापलेलं असतं आणि त्यावर फक्त थोडं नायलॉन खरवडलेलं दिसतं. तार तुटलेली नसते, हुकाजवळच्या गिअर लॉकमधून, म्हणजे तार दाबून धरणाऱ्या धातूच्या छोट्या मण्यातून, ती सुटून आलेली असते. हा डबा तपासताना म्हणूनच आम्ही एकच प्रश्न धरून बसलो: ह्यातल्या सामानाने हुक पक्का बसतो का?

डबा ओळखीचाच आहे. पारदर्शक प्लॅस्टिक, चोवीस खण, वर पक्की झडप. ऑनलाइन आणि बाजारात तो निरनिराळ्या नावांनी मिळतो, आतला माल थोड्याफार फरकाने सारखाच असतो. लॉबस्टर हुक (स्प्रिंगच्या जिभेचे, नांगीसारखे), तीन-चार मापांच्या जंप रिंग (जोडणीच्या उघडत्या-मिटत्या कड्या), गोल गिअर लॉक, शिंपल्यासारख्या मिटणाऱ्या टोप्या, दोरीची टोकं, कानातल्यांचे आकडे, हेड पिन, आय पिन, एक्स्टेन्शन चेन, वायरचं एखादं छोटं रीळ, गोंदाची ट्यूब आणि दोन-तीन पकडी.

निकाल आधी सांगून टाकतो. कानातल्यांसाठी डबा चांगला आहे, डोळे मिटून घ्या. हार आणि ब्रेसलेट करायची असतील, म्हणजे जिथे हुकावर सतत ओढ येते अशी कामं असतील, तर ह्यातलं गिअर लॉक, वायर आणि बारीक जंप रिंग ह्या तीन वस्तू बाजूला काढा आणि वेगळ्या विकत घ्या. चौथी वस्तू डब्यात बहुधा नसतेच आणि सगळ्यात जास्त गरज तिचीच असते. ती म्हणजे क्रिम्पिंग प्लायर, लॉक दाबून मिटवायची खास पकड.

गिअर लॉक ही एवढीशी वस्तू, पण सगळी माळ तिच्यावर लटकलेली असते. तार लॉकमधून ओवायची, हुकाच्या कडीतून फिरवून पुन्हा त्याच लॉकमधून मागे घ्यायची आणि लॉक दाबायचं. पकड बसते ती धातू तारेवर दाबला गेल्यामुळे, गाठीमुळे नव्हे. म्हणून लॉकचं भोक आणि तारेची जाडी ह्यांचं माप जुळलंच पाहिजे. 0.38 मिमीची तार दोनदा गेली की 0.76 मिमी होतात. भोक त्याहून किंचित मोठं, साधारण 1 मिमीच्या आत-बाहेर असलं की पुरे. साधी कसोटी अशी: तार लॉकमधून दोनदा आरामात जावी, तिसऱ्यांदा घालायला गेलं तर अडावी. डब्यातली 2.5 मिमीची गोल लॉक 0.3 मिमीच्या तारेवर चढवली तर तार आत मोकळी खेळते. कितीही दाबा, धातूच्या घडीत पोकळी उरते आणि तार हळूहळू सरकत राहते. पहिल्या दिवशी हे कळतही नाही, माळ महिन्याभराने सुटते.

दुसरा दोष सांध्याचा. गोल लॉक बरेचदा पत्र्याची पट्टी वळवून केलेलं असतं, त्यामुळे एका बाजूला बारीक फट असते. दाबताना ती फट उकलते आणि तार बाजूने बाहेर डोकावते. खणातली दहा-बारा लॉक पांढऱ्या कागदावर ओता आणि भिंगातून पाहा, फट चटकन दिसते. त्यावर उपाय म्हणजे सांधा नसलेली ट्यूब, 2 मिमी लांब आणि 2 मिमी बाहेरचा व्यास असलेली. 0.36 ते 0.48 मिमीच्या तारेला ही ट्यूब बरोबर बसते. स्टर्लिंग सिल्व्हरची किंवा मऊ तांब्यावर मुलामा दिलेली ट्यूब घडी घेताना तडकत नाही. कडक पितळेची स्वस्त ट्यूब मात्र घडीच्या रेषेवर चिरते, आणि चिरलेली ट्यूब दिसायला बंद असली तरी तारेला धरून ठेवत नाही.

आता पकडीकडे. डब्यात चपट्या नाकाची पकड, गोल नाकाची पकड आणि कटर येतो. चपट्या पकडीने लॉक सपाट चेचायचं, हीच पद्धत बहुतेक जण शिकतात. गोल लॉकला ती चालते, हलक्या माळेला पुरतेही. अडचण आहे ती दाबाच्या अंदाजाची. कमी दाबलं तर तार सुटते, जास्त दाबलं तर लॉकच्या धारेने तारेतल्या बारीक पिळांपैकी काही तिथेच कापले जातात. वर त्या सपाट तुकड्याचे कोपरे मानेला टोचतात आणि केसांत अडकतात.

क्रिम्पिंग प्लायर हे काम दोन टप्प्यांत करते, आणि हे टप्पे नीट समजून घेण्यासारखे आहेत. पकडीच्या जबड्यात दोन खाचा असतात. मुठीकडच्या खाचेत एका बाजूला छोटा दात असतो, त्यामुळे तिचा आकार चंद्रकोरीसारखा दिसतो. टोकाकडची खाच साधी लंबगोल असते. ट्यूब आधी दाताच्या खाचेत धरायची. दाबण्यापूर्वी ट्यूबमधल्या दोन तारा एकमेकींना समांतर आहेत ना, हे पाहायचं. एक वरच्या बाजूला, एक खालच्या, मध्ये फुली नाही. मग ठामपणे दाबायचं. दात ट्यूबच्या मधोमध उतरतो आणि समोरून पाहिलं तर इंग्रजी आठासारखा आकार दिसतो: दोन नळ्या, प्रत्येकीत एक तार. आता ट्यूब पाव वळण फिरवायची, टोकाकडच्या खाचेत आणायची आणि पुन्हा दाबायची. मधल्या खाचेवर ट्यूब पुस्तकासारखी मिटते आणि गोल, छोट्या मण्यासारखी होते. एकदा आणखी फिरवून हलका दाब दिला की कडाही बसतात. तारा एकमेकींवर चढलेल्या असतील तर दात नेमका त्या फुलीवर बसतो. तिथे तार दबून अर्धी होते आणि पुढे तुटते ती तिथेच. हुक निसटण्याचं हे कारण बरेचदा ओळखलंच जात नाही.

साध्या मापाची क्रिम्पिंग प्लायर 2 मिमीच्या ट्यूबसाठी असते. त्याहून बारीक ट्यूबला मायक्रो आणि 3 मिमीच्या ट्यूबला मोठ्या मापाची वेगळी प्लायर लागते. पहिल्या खरेदीला मधली घ्या आणि ट्यूबही त्याच मापाच्या. एका मापावर हात बसला की बाकीची मापं सोपी जातात.

डब्यातल्या वायरच्या रिळावर बहुतेक वेळा जाडी लिहिलेली नसते, आणि इथे दोन वेगळ्या वस्तू एकाच नावाने विकल्या जातात. एक खरी गिअर वायर: स्टेनलेस स्टीलच्या बारीक तारा पिळून वर नायलॉनचं आवरण. दुसरी नुसती तांब्याची एकेरी तार, सोनेरी किंवा चंदेरी मुलाम्याची. ही दुसरी तार वळवून नक्षी करायला उत्तम, पण मणी ओवायला निरुपयोगी. ती हुकाच्या कडीत वाकत-सरळ होत राहते, धातू कडक होतो आणि तटकन तुटतो. ओळखायचं कसं? टोक कटरने कापा आणि नखाने उलगडा. पीळ सुटून बारीक तारांचा कुंचला झाला तर ती गिअर वायर.

खऱ्या गिअर वायरमध्येही प्रती आहेत. सात पदरी तार ताठ असते, तिला एकदा मोड आला की जात नाही. बोटाभोवती छोटं वेटोळं करून सोडा. कोपरा उमटून राहिला तर ती तार हुकाच्या वळणावर टिकणार नाही. एकोणीस किंवा एकवीस पदरी तार रोजच्या कामाला योग्य आहे. एकोणपन्नास पदरी तर जवळजवळ रेशमासारखी लोंबते. महाग असते, पण जड दगडांच्या हाराला तीच घ्यावी. बीडालॉन आणि सॉफ्ट फ्लेक्स ह्या कंपन्यांच्या रिळांवर पदरांची संख्या आणि जाडी दोन्ही छापलेली असतात, त्यामुळे ट्यूबचं माप जुळवणं सोपं जातं. आमच्या मते एकच रीळ घ्यायचं असेल तर 0.38 मिमी, एकोणीस पदरी.

ह्यातली अडचण एकच, मण्याचं भोक. तारेचं उरलेलं शेपूट लॉकनंतरच्या तीन-चार मण्यांतून मागे ओवायचं असतं, निदान अडीच सेंटीमीटर. ते लॉकपाशीच कापलं तर टोक मान ओरबाडतं आणि तार जरा सरकली की थेट सुटते. मोत्यांची भोकं बहुधा 0.7-0.8 मिमी असतात, त्यांतून 0.38 ची तार दोनदा जाताना अडते. अशा वेळी 0.30 ची तार घ्या किंवा हुकाजवळचे पहिले तीन मणी मोठ्या भोकाचे निवडा. लॉक आणि पहिला काचेचा मणी ह्यांच्यामध्ये 2-3 मिमीचा धातूचा छोटा मणी घालणं चांगलं. काचेची धार लॉकवर घासत नाही आणि लॉक मोठ्या भोकात बुडत नाही.

हुकाभोवतीचा फास किती मोठा ठेवायचा, ह्याबद्दल नवख्या हातांची चूक नेहमी एकाच दिशेने होते: फार आवळतात. हुकाच्या कडीला तार चिकटली की हुक हलू शकत नाही, आणि प्रत्येक झटक्याला धातू तारेच्या त्याच एका बिंदूवर घासतो. फास 2 मिमीच्या आसपास मोकळा हवा, हुक त्यात सहज डोलला पाहिजे. तिथे वायर गार्डियन लावता आला तर फारच उत्तम. घोड्याच्या नालेसारखी वळलेली ही चिमुकली नळी तारेला आत घेते आणि घासणं स्वतःवर घेते. डब्यात ती क्वचितच असते. सुटी मिळते, आणि जड हाराला ती न लावणं आम्हाला पटत नाही.

आवळण्याची हीच चूक पूर्ण सरातही होते. मणी एकमेकांना खेटून बसवले तर माळ हातात काठीसारखी ताठ राहते, गळ्यात वळताना सगळा ताण दोन्ही टोकांच्या लॉकवर जातो. दुसरी बाजू दाबण्यापूर्वी माळ पाण्याच्या ग्लासभोवती गुंडाळून पाहा. ती गोल बसली, मण्यांमध्ये मोठी फटही दिसली नाही, म्हणजे ढील बरोबर. नंतर मोजलं तर ती एक-दोन मिलिमीटरच भरते. आणि तार कापताना हात आखडता घेऊ नका: 45 सेंमीच्या हाराला 60 सेंमी तार. दोन्ही बाजूंना शेपूट आणि पकडायला जागा हवी. शेपूट आखूड पडलं तर लॉक नीट दाबताच येत नाही.

जंप रिंगचे खण भरगच्च असतात, पण आतल्या रिंग बारीक असतात. 0.6 मिमीची रिंग ब्रेसलेटच्या एका हिसक्याला उघडते. ब्रेसलेटला 20 गेजची, म्हणजे 0.8 मिमी जाडीची, आणि जड हाराला 18 गेजची, म्हणजे 1 मिमीची रिंग घ्या. बाहेरचा व्यास 5-6 मिमी पुरे. उघडताना दोन पकडींनी दोन टोकं धरून एक पुढे, एक मागे अशी सरकवा. दोन्ही बाजूंना ताणून उघडली तर गोलाई बिघडते आणि ती पुन्हा कधीच पूर्ण मिटत नाही. मिटवताना टोकं एकमेकांच्या किंचित पलीकडे नेऊन परत आणा. टोकं घासल्याचा बारीक आवाज आला, नखाला सांधा लागला नाही, की रिंग बंद.

एक नियम कधीच मोडू नये: गिअर वायरचा फास साध्या जंप रिंगमध्ये थेट अडकवायचा नाही. सांधा कितीही मिटवला तरी 0.38 मिमीची तार हलता हलता त्यातून वाट काढू शकते. फास नेहमी डाक दिलेल्या बंद रिंगमध्ये, दुहेरी वेटोळ्याच्या स्प्लिट रिंगमध्ये किंवा हुकाच्या स्वतःच्या कडीत घ्यायचा. जंप रिंग फक्त धातूला धातू जोडायला.

रिंगच्या धातूसाठी लोहचुंबक हाताशी ठेवा. रिंग टपकन चिकटली तर आत लोखंड आहे. मुंबई-कोकणातल्या दमट हवेत आणि घामात मुलामा गेला की ती गंजते आणि मानेवर तपकिरी रेघ उमटवते. लॉबस्टर हुकाला मात्र ही कसोटी लावू नका, त्याच्या आतली स्प्रिंग स्टीलची असते आणि चुंबक तिला ओढतोच. ज्यांच्या कातडीला निकेल सोसत नाही, त्यांच्यासाठी स्टेनलेस स्टीलचे हुक सुटे घ्यावेत.

हुक ही ह्या डब्याची जमेची बाजू. लॉबस्टर 10 आणि 12 मिमीचे असतात, आणि ते चालतात. प्रत्येक हुक वापरण्यापूर्वी वीस वेळा उघडझाप करा. जीभ अर्धवट परत येत असेल तर तो फेकून द्या. शेपटाची कडी ओतीव आणि अखंड आहे ना, हेही पाहा. काही हुकांत तिथे बारीक फट असते. ब्रेसलेटला 12 मिमीचा घ्या, कारण तो एका हाताने लावायचा असतो.

डब्यात टॉगल असेल, म्हणजे एका टोकाला गोल कडी आणि दुसऱ्याला आडवी काडी, तर तो हारासाठी ठेवा. हाराच्या वजनाने काडी ताणलेली राहते. सैल ब्रेसलेटमध्ये ती आपोआप फिरून निसटते. काडी कडीतून पार जायची तर तिच्याजवळचे मणी बारीक हवेत, काडीच्या निम्म्या लांबीइतक्या अंतरापर्यंत तरी. जाड मणी थेट काडीला टेकवले की टॉगल लागतच नाही, आणि हे सगळं ओवून झाल्यावर कळतं. चुंबकाचा हुक सांधेदुखी असलेल्या बोटांना फार सोयीचा, पण हलक्या माळेपुरताच, आणि शेजारी सुरक्षेची बारीक चेन हवीच. पेसमेकर बसवलेल्या व्यक्तीला तो देऊ नये.

शिंपल्यासारख्या टोप्या दोऱ्याच्या कामासाठी आहेत. दोरा तळाच्या भोकातून वर घ्यायचा, दुहेरी गाठ मारायची, गाठीवर गोंदाचा थेंब, वाळल्यावर शेपूट कापायचं आणि टोपी मिटवायची. मग तिचा आकडा गोल नाकाच्या पकडीने हुकाच्या कडीत पूर्ण वळवायचा. अर्धवट वळलेला आकडा हे टोपी सुटण्याचं पहिलं कारण, आणि गाठ भोकाहून लहान असणं हे दुसरं. डब्यातली गोंदाची ट्यूब क्षणात वाळणाऱ्या सुपर ग्लूची असेल तर वापरू नका. दोरा काचेसारखा कडक होतो आणि जिथे गोंद संपतो तिथेच तुटतो. वाळल्यावरही लवचीक राहणारा, सुईसारख्या तोंडाचा दागिन्यांचा गोंद वेगळा मिळतो.

झालेलं काम तपासताना मणी धरून ओढू नका, त्याने लॉकची परीक्षा होतच नाही. हुक खिळ्याला अडकवा, दुसऱ्या टोकाच्या कडीत अर्ध्या किलोची पिशवी लटकवा आणि पाच मिनिटं तशीच ठेवा. त्याआधी लॉकच्या बाहेर तारेवर मार्करने एक बारीक ठिपका द्या. ठिपका लॉकपासून सरकलेला दिसला तर लॉक कापा आणि नव्याने लावा. दाबलेलं लॉक पुन्हा दाबून भरवशाचं होत नाही.

सुटं सामान पुण्यात बोहरी आळीत आणि मुंबईत भुलेश्वरला मिळतं. तिथे ‘क्रिम्प’ म्हणण्यापेक्षा ‘गिअर लॉक’ म्हटलं की लगेच कळतं. ट्यूब हवी असेल तर मात्र ‘ट्यूबवाला, बिनसांध्याचा’ असं स्पष्ट सांगा, नाहीतर गोल पुडीच हातात पडते. नमुन्याचं एक लॉक तिथेच आपल्या तारेवर चढवून पाहा. दुकानदार त्याला नाही म्हणत नाहीत.

खऱ्या मोत्यांना ह्या डब्यातलं काहीच लावू नये. तन्मणी आणि ठुशीसारखे दागिने पटवेकऱ्याकडे गाठवून घेण्याची आपली रीत आहे. ठुशीला तर गोंडा आणि सरकती दोरी असते, धातूच्या हुकाची भानगडच नाही. मोत्याच्या सराला हुक हवाच असेल तर रेशीम घ्या. ग्रिफिन कंपनीच्या कार्डावर 2 मीटर रेशीम आणि टोकाला जोडलेली तारेची सुई असते; नंबर 2 म्हणजे 0.45 मिमी, नंबर 4 म्हणजे 0.60. हुकाच्या कडीत रेशीम उघडं ठेवत नाहीत. त्यावर फ्रेंच वायर चढवतात, जरदोसीतल्या दबक्यासारखी ही बारीक गुंडाळी 5-6 मिमी कापून घ्यायची. रेशीम तिच्यातून ओवून हुकात घेतलं की गुंडाळी गोल वळून कडी झाकते आणि धातू रेशमावर घासत नाही. मग सुई पहिल्या मोत्यातून मागे घ्यायची, मोत्याला टेकवून गाठ, दुसऱ्या मोत्यातून, पुन्हा गाठ, तिसऱ्यातून घेऊन शेवटची गाठ. ह्या तीन मोत्यांतून रेशीम दोनदा जातं, म्हणून त्यांची भोकं आधी रीमरने, म्हणजे भोक रुंदावायच्या बारीक कानशीने, किंचित मोठी करून घ्यावी लागतात. रीमर फिरवताना मोती पाण्यात बुडवून धरा. कोरडा मोती तापतो आणि भोकाच्या कडेला टवका उडतो.